लिलावातला ट्रक घरी नेताना

अमेरिकी लष्कराचे जुने ट्रक लिलावात निघतात. त्यातला ‘एम-३५’ हौशी मंडळींचा लाडका. खडबडीत वाटेवरही २.५ टन माल वाहतो, म्हणून त्याचं टोपणनाव ‘ड्यूस अँड अ हाफ’. रिकामाच जवळजवळ ६ टनांचा! इंजिन बंद असेल, तर काही जण टो-बार लावून त्याच्याच चाकांवर तो घरी नेतात.

ओढणं सोपं, थांबवणं अवघड. दोर लावला तर पुढच्याने ब्रेक दाबताच तो सैल पडतो आणि मागचा ट्रक येऊन आदळतो. पोलादी टो-बार अंतर राखतो. पण मागचे ६ टन ढकलतातच. म्हणून ओढणारी गाडी तेवढीच दणकट हवी, मागच्या ट्रकच्या ब्रेकला तिच्याकडून हवा मिळायला हवी आणि जोडीला साखळ्याही हव्यात. लांबचा पल्ला असेल तर आधी प्रोपेलर शाफ्ट काढतात. नाहीतर तेलाविना आतले भाग झिजतात.

आणि रिव्हर्स? विसराच! मागे घेताच ट्रकची पुढची चाकं भलतीकडे वळतात. पेट्रोल पंपावर शिरण्याआधीच बाहेर पडायची वाट बघून ठेवा.

ट्रक स्वस्तात मिळाला असेल; ब्रेकमध्ये काटकसर नको.