यंत्राचें मर्म मराठींत कळावें

आमच्या औरंगपुऱ्यापासून पाणचक्की फार दूर नाहीं. डोंगरांतील पाणी जमिनीखालील मातीच्या नळांतून येतें व उगम उंच असल्यामुळें भिंतीवर आपोआप चढून खालीं पडतें; त्या धारेनें चाक फिरून दळण होत असे. पाहणारे पुष्कळ, परंतु पाणी वर कां चढलें, हें विचारणारा विरळा.

शेतावरील पंपाचीहि हीच गत आहे. तीन फेजांच्या मोटारीच्या दोन तारांची अदलाबदल झाली, तर ती उलट फिरते व पाणी पुरेसें येत नाहीं. विहिरीच्या कांठावरील पंप पाण्यापासून ६-७ मीटरांहून उंच असला, तर तो पाणी ओढीत नाहीं. कारण पाण्यास नळांत वर चढवितो तो हवेचा दाब, आणि त्याची सीमा हिशेबानेंहि सुमारें १० मीटर. हें न कळल्यामुळें चांगली मोटार दुरुस्तीस जाते व उभें पीक वाळतें.

केंद्र सरकारच्या 'व्हर्च्युअल लॅब्स'मध्यें विद्यार्थी संगणकाच्या पडद्यावर यंत्र चालवून, त्यांत फेरफार करून परिणाम पाहतात. पण ती सोय मुख्यतः इंग्रजींत व महाविद्यालयांसाठीं आहे. उलटपक्षीं, राज्याच्या कृषि विभागानें २०२५ सालीं काढिलेल्या 'महाविस्तार'मध्यें शेतकऱ्यास मराठींत प्रश्न विचारितां येतो. या दोहोंचा संयोग व्हावा. पडद्यावर तार बदलावी, पंपाचा पंखा उलट फिरतांना पाहावा, कारण मराठींत ऐकावें. प्रत्यक्ष तारेस हात मात्र वीज बंद करून जाणत्यानेंच लावावा.

आमच्या संस्थेनें तसा ठराव करून कृषि विभागाकडे पाठवावा, अशी सभासद बंधूंस विनंति आहे.