गणवेश उतरल्यानंतर

स्वातंत्र्यदिन किंवा प्रजासत्ताकदिन जवळ आला म्हणजे आमच्या गावोगावच्या संस्थाचालकांस एखाद्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याची आठवण होते. वर्षातील उरलेल्या 363 दिवसांत हा गृहस्थ मासळीबाजारात पिशवी घेऊन हिंडतो, बँकेच्या खिडकीपुढे रांगेत उभा राहतो, नळास पाणी का आले नाही म्हणून नगरपालिकेत खेटे घालतो; त्याची कोणी दखल घेत नाही. त्या दोन दिवशी मात्र त्यास मोटार धाडण्यात येते, शाल-श्रीफळ देण्यात येते आणि ध्वनिक्षेपकापुढे उभे करण्यात येते. त्याने काय बोलावे हेही जणू ठरलेले असते. एखादा रणांगणावरचा प्रसंग, मुलांस शिस्तीचा उपदेश आणि शेवटी राष्ट्राचा जयजयकार. टाळ्या होतात, चहापान होते, आणि पाहुणे पुन्हा आपल्या रांगेत जाऊन उभे राहतात. ह्याच भाषणात त्यांनी गावच्या गटारांचा किंवा जेट्टीवरील गाळाचा विषय काढला असता तर चालकांची चुळबूळ सुरू झाली असती.

उरणात ही गोष्ट अधिकच खटकावी, कारण आरमार हा ह्या गावाचा शेजारी आहे. करंज्याच्या डोंगरापाशी नौदलाचे शस्त्रागार आहे. नोकरीच्या निमित्ताने गणवेशाशी संबंध आलेली माणसे येथे घरोघर सापडतील. अशा गावाने सैनिकाचे मत केवळ शोभेकरिता ऐकावे, हे आम्हांस बरे दिसत नाही.

सैनिकाचे मत वेळीच न ऐकल्याचा परिणाम काय होतो, हे महाराष्ट्रास निराळे सांगावयास नको. कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल शं. पां. पा. थोरात हे पूर्व विभागाचे सेनापती असताना ऑक्टोबर 1959 मध्ये त्यांनी चीनच्या सरहद्दीविषयी आपले अनुमान लेखी कळविले होते. मार्च 1960 मध्ये लखनौ येथे 'लाल किल्ला' नावाच्या सरावात त्यांनी ते नकाशावर मांडूनही दाखविले. आपल्या ठाण्यांस बळ पुरणार नाही, हा त्याचा मथितार्थ होता. त्या वेळच्या दिल्लीला हा निष्कर्ष भयगंडाचा वाटला. थोरात 1961 मध्ये निवृत्त झाले, आणि 20 ऑक्टोबर 1962 रोजी चिनी सैन्य चाल करून आले. ह्या माणसाने कांगॉच्या लढाईत पराक्रम गाजविला होता, कोरियात भारतीय संरक्षक दलाचे नेतृत्व केले होते. तरीही त्याची सर्वांत मोठी सेवा कोणती, असे आम्हांस कोणी विचारले तर आम्ही त्या न वाचलेल्या टिपणाकडे बोट दाखवू.

निवृत्तीनंतर बोलणाऱ्यांचीही एक परंपरा आहे. 1987 ते 1990 ह्या काळात नौदलप्रमुख असलेले ॲडमिरल जयंत नाडकर्णी ह्यांनी पुढे लेखणी हाती घेतली आणि वर्तमानपत्री स्तंभांतून आपली मते रोखठोक मांडली. परंतु उरणकरांच्या दृष्टीने ज्यांचे चरित्र अधिक जवळचे ठरावे ते व्हाइस ॲडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी होत. 1945 मध्ये ते नौदलात शिरले. 1971 च्या युद्धात बंगालच्या उपसागरात 'कामोर्ता' ह्या युद्धनौकेचे ते कप्तान होते, आणि त्यांस वीरचक्र मिळाले. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे प्रमुखपद त्यांनी भूषविले. अखेरीस पश्चिम नौदल विभागाचे सेनाधिपती म्हणून 1983 मध्ये ते सेवामुक्त झाले. त्यानंतर त्यांनी राहण्यास निवडले ते फलटण तालुक्यातील विंचुर्णी हे माळरानावरचे खेडे. जन्मभर समुद्रावर राहिलेल्या माणसाने दुष्काळी भागात घर करावे ह्याची आम्हांस मौज वाटत आली आहे.

त्यांचे मत एकच होते, आणि ते त्यांनी आयुष्यभर सोडले नाही. तीन बाजूंनी समुद्र असलेल्या ह्या देशाने समुद्राकडे पाठ फिरविली आहे. शिवछत्रपतींस जे उमगले होते ते आपणांस विसर पडून गेले आहे. आणि समुद्राची ओळख ग्रंथांतून होत नाही, तर शिडाच्या नौकेत बसून, वारा अंगावर घेऊन होते. असली मते पुष्कळांची असतात. आवटींचे वेगळेपण असे की त्यांनी आपल्या मतास काम जोडून दिले. सेवेत असतानाच 1978 मध्ये त्यांनी मुंबईत सागरी इतिहासाच्या अभ्यासाकरिता संस्था उभी केली. एका भारतीयाने शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास तर निवृत्तीनंतर वीस वर्षे उलटली तरी कायम होता. अखेर नौदलाने तो मनावर घेतला. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर ह्यांच्या कारखान्यात 56 फूट लांबीची 'म्हादेई' बांधण्यात आली. कमांडर दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबईहून निघाले आणि वाटेत चार बंदरे घेऊन मे 2010 मध्ये परतले. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी ह्यांनी 2012-13 मध्ये कोठेही न थांबता ती फेरी पुरी केली. 2017-18 मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी 'तारिणी'तून पृथ्वीस वळसा घातला. त्याच वर्षी 4 नोव्हेंबरला आवटी निवर्तले. पण 2024-25 मध्ये आणखी दोघी महिला अधिकारी 'तारिणी' घेऊनच ती प्रदक्षिणा करून आल्या. आवटींचा पुतळा कोठे आहे की नाही ह्याची चौकशी करण्याची गरज आम्हांस वाटली नाही.

आता ह्या मापाने उरणकडे पाहावे. मोरा व करंजा ही येथील जुनी बंदरे. आमच्या पिढीस उरण म्हटले की भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्यास जाणारी लाँचच आठवते. जानेवारी 2024 मध्ये रेल्वे उरणपर्यंत आली, त्याच महिन्यात शिवडीहून न्हावा-शेव्याकडे येणारा अटल सेतू खुला झाला. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत, ह्यात संशय नाही. परंतु खाडी ओलांडण्याचा प्रवास आता खाडीच्या डोक्यावरून होऊ लागला आहे, हेही लक्षात ठेवावयास हवे. वर्तमानपत्रात येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळेत शिकवीत होतो. भरती-ओहोटीचा धडा चालू असता मागच्या बाकावरील एका कोळ्याच्या मुलाने आम्हांस हिशेब शिकविला: तिथीची पाऊणपट करावी, जे येईल ते भरतीचे घड्याळ. अष्टमीस सहा वाजता, पुनवेस सव्वा अकरांच्या पुढे. पुनव-अवसेस उधाण आणि अष्टमीस भांग. पुस्तकात चंद्राची आकृती होती, हा हिशेब नव्हता. तो मुलगा परीक्षेत नापास होत असे. असे ज्ञान घरात असलेल्या मुलांस शिडाची होडी हाकण्याचे रीतसर शिक्षण मिळावे, आणि ते देण्यास नौदलातून निवृत्त झालेल्यांनी पुढे यावे, ही काही अवघड मागणी नव्हे. 22 सप्टेंबर 2016 रोजी उरणच्या शाळकरी मुलांनी शस्त्रधारी माणसे पाहिल्याचे सांगितले, तेव्हा नौदलापासून पोलिसांपर्यंत सर्व यंत्रणा धावून आली. शोधात काहीच हाती लागले नाही, म्हणून काहींनी मुलांची थट्टा केली. आम्हांस ती थट्टा आवडली नव्हती. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईच्या मच्छीमार वस्तीतील रहिवाशांनीच अनोळखी माणसांस होडीतून उतरताना प्रथम पाहिले होते.

स्मरणाचा विषय उरणात मात्र इतका सरळ नाही. ह्या तालुक्याची दोन मोठी स्मरणे गणवेशाच्या बाजूची नाहीत, गणवेशाच्या समोर उभे राहिलेल्यांची आहेत. 25 सप्टेंबर 1930 रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि नाग्या महादू कातकरी व त्याचे सोबती धारातीर्थी पडले. ते परकी राज्य होते असे म्हणून आपण मोकळे होऊ. पण 16 व 17 जानेवारी 1984 रोजी जासई व नवघर येथे दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखालील शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन पाच जण बळी पडले, तेव्हा राज्य आपलेच होते. बंदरासाठी व नव्या शहरासाठी घेतलेल्या जमिनीचा योग्य मोबदला त्यांस हवा होता. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा जो नियम पुढे झाला तो त्या पाचांच्या रक्ताने लिहिला गेला. चिरनेरास दरवर्षी पोलीस हवेत फैरी झाडून हुतात्म्यांस मानवंदना देतात. त्या फैरी ऐकताना आमच्या अंगावर काटा येतो, आणि तो सर्वस्वी अभिमानाचाच असतो असे सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. निवृत्त अधिकाऱ्यास ह्या ठिकाणी आवर्जून बोलवावे, असे आम्ही सुचवितो. शस्त्र हाती असताना हात आवरणे म्हणजे काय, हे त्याच्याइतके कोण सांगू शकेल?

ह्याच जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचा यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात पडला. पाचव्या मराठा पलटणीचा हा बावीस वर्षांचा नाईक. तुकडीतील सारे सोबती मृत वा जखमी झाल्यावर तो एकटा मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेला, ते त्याने जिंकले, आणि लपलेल्या शत्रूच्या गोळीस तो बळी पडला. त्याचा व्हिक्टोरिया क्रॉस त्याच्या विधवा पत्नीने स्वीकारला. ज्यांची समाधी कोठे आहे हे ठाऊक नाही अशांच्या कासिनो येथील नामावलीत त्याचे नाव कोरले आहे. माणगावास तहसील कचेरीपाशी त्याचा पुतळा आहे. परंतु 2023 मध्ये इटलीतील माँतोने ह्या लहानशा गावाने त्याच्या नावे जे स्मारक केले ते एक सूर्यघड्याळ आहे. पुतळ्यास हार घालण्याकरिता दिवस ठरवावा लागतो. सूर्यघड्याळ मात्र ज्याला वेळ पाहावयाची असेल त्याच्या रोजच्या कामास येते. ही कल्पना आम्हांस फार आवडली.

रोजच्या जीवनाचाच विषय निघाला आहे, तर उरणकरांच्या मनातील काळजीकडे वळू. नौदलाच्या शस्त्रागाराभोवती 1992 साली संरक्षण खात्याच्या अधिसूचनेने सुरक्षा पट्टा जाहीर झाला. त्यात उरण शहराचा व भोवतालच्या गावांचा भाग आला. पट्ट्यात पूर्वापार घरे होती, नंतरही ती वाढली. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. आपले घर नियमात आहे की नाही ह्या धास्तीत तेथे मुलांची लग्ने झाली आणि नातवंडे जन्मास आली. नौदलाचा आग्रह उगीच आहे असे आम्ही म्हणणार नाही. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकाईन' जहाज फुटले तेव्हा काय हाहाकार झाला, हे समोरच्या काठावरील उरणने ऐकले आहे. 31 मे 2016 च्या पहाटे वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागून जवान व अग्निशामक दलाची माणसे बळी गेली. दारूगोळ्याच्या शेजारी वस्ती असू नये, हे खरेच आहे. पण मग कोणती घरे धोक्यात आहेत आणि कोणती नाहीत हे एकदाचे नकाशावर स्पष्ट आखून द्यावे. जी हलविणे भाग आहे त्यांस आधी दुसरी जागा व योग्य मोबदला मिळावा, आणि उरलेल्यांवरील टांगती तलवार काढून घ्यावी. दुसरी जागा म्हणजे काय, ह्याचाही अनुभव ह्या तालुक्यास आहे. बंदराकरिता शेव्याचे कोळी उठविले गेले आणि बोरीपाखाडीस हनुमान कोळीवाडा म्हणून वसविले गेले. तेथे घरांस वाळवी लागली, आणि आपले पुनर्वसन नीट व्हावे म्हणून त्यांस वर्षानुवर्षे झगडावे लागले. देशाच्या बंदराकरिता गाव देणे हीही सेवाच होती. त्या सेवेस निवृत्तिवेतन मिळाले नाही, एवढेच.

शस्त्रागार आतून ठाऊक असणारी आणि गावात राहिल्यामुळे लोकांची काळजीही ठाऊक असणारी माणसे कोण आहेत? नौदलातून निवृत्त होऊन ह्या परिसरात स्थायिक झालेले अधिकारी व कर्मचारी. गुप्ततेचे बंधन त्यांच्यावर आजन्म आहे आणि ते त्यांनी पाळलेच पाहिजे. पण सुरक्षित अंतर म्हणजे काय, कोणती शंका रास्त व कोणती अवास्तव, नौदलाशी बोलताना कोणत्या अधिकाऱ्याकडे कोणत्या शब्दांत जावे, हे सांगण्यात कोणतेही गुपित फुटत नाही. नगरपालिकेने, ग्रामपंचायतींनी आणि नौदलाने एकत्र बसावे, आणि त्या बैठकीत अशा दोघातिघांस जागा द्यावी. आणि पुढच्या समारंभास मुख्य पाहुणे म्हणून त्यांतीलच कोणास बोलावणे झाले, तर शाल-श्रीफळाबरोबर उरणचा नकाशाही त्यांच्यापुढे ठेवावा.