ओरोसचा पदवीधर आणि पुढची पायरी

सिंधुदुर्गनगरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २०२१-२२ च्या वर्षासाठी शंभर विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली, तेव्हा जिल्ह्याला झालेला आनंद अनाठायी नव्हता. १९८१ मध्ये रत्नागिरीपासून वेगळा झालेला हा जिल्हा अवघड दुखणे आले की बांबोळीची वाट धरीत आला आहे. गोवा सरकारने २०१८ मध्ये परराज्यांतील रुग्णांवर शुल्क बसविले, त्या वेळी दोडामार्गात आंदोलन उभे राहिले ते याच परावलंबनापायी. परंतु महाविद्यालय आले म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. ओरोसला शिकलेल्या मुलाला शल्यचिकित्सा किंवा बालरोग या विषयांची पदव्युत्तर जागा मिळणार कशी? ज्या संस्थेला अद्याप परंपरा नाही, नामांकित प्राध्यापकांची फळी नाही, तिच्या विद्यार्थ्याने के.ई.एम. किंवा बी.जे.च्या विद्यार्थ्यांपुढे उठून दिसावे तरी कशाच्या बळावर?

एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. २०१७ पासून सक्तीची झालेली ‘नीट-पीजी’ ही परीक्षा महाविद्यालयाचे नाव विचारीत नाही. दोनशे प्रश्न, आठशे गुण आणि अखेरीस एक क्रमांक, एवढाच तिचा व्यवहार. पूर्वी पदवीचे गुण आणि आपल्याच रुग्णालयातील हाऊसमनकी यांना महत्त्व होते. ज्याची त्या वर्तुळात ओळख नाही, तो दाराबाहेर राही. अमेरिकेत निवडीसाठी शिफारसपत्रे आणि मुलाखती आजही लागतात. तेथील पहिल्या टप्प्याच्या परीक्षेत २०२२ पासून गुण देणे थांबले, केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण एवढाच निकाल राहिला, तेव्हा आता महाविद्यालयाच्या नावालाच अधिक वजन येईल, अशी धास्ती सामान्य महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना वाटली. वशिल्याची कला आपल्याकडे किती पुढारलेली आहे हे लक्षात घेता, कोऱ्या चेहऱ्याची परीक्षा हेच ओरोसच्या विद्यार्थ्याचे खरे संरक्षण होय.

मात्र या संरक्षणाची किंमत जबर आहे. आंतरवासितेचे वर्ष हे डॉक्टरच्या हाताला वळण लागण्याचे वर्ष. त्या वर्षात विद्यार्थी वॉर्डात कमी आणि प्रश्नसंचात अधिक रमतो, आणि त्याला दोष देणेही कठीण आहे, कारण रात्रभर प्रसूतिकक्षात उभे राहिल्याचा एकही गुण कोणी देत नाही. मोठ्या रुग्णालयात वरचे निवासी डॉक्टर धाकट्यांना नकळत शिकवीत असतात. नव्या ठिकाणी ही मधली साखळीच विरळ असते, आणि अध्यापकांच्या जागा भरण्यातील अडचण सर्वज्ञात आहे. म्हणजे जेथे रुग्णाशेजारी उभे राहून शिकण्याची गरज सर्वाधिक, तेथेच ते सर्वांत कमी घडण्याचा धोका.

या किनाऱ्याजवळ शिकविण्यासारखे काही नाही, असे मात्र कोणी समजू नये. देवगडच्या कातळावरील फुरसे, भातलावणीच्या दिवसांतील लेप्टोस्पायरोसिस, आणि २०१६ च्या सुमारास दोडामार्ग-बांदा पट्ट्यात पसरलेला माकडताप! कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये ओळखला गेलेला हा रोग अन्यत्र पुस्तकातील एक ओळ असतो, येथे तो काजूच्या बागेतून घरी परतलेल्या माणसाच्या अंगात असतो. डॉ. हिंमतराव बावस्कर हे नागपूरच्या शासकीय महाविद्यालयाचे पदवीधर. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांनी विंचूदंशाचे रुग्ण रात्रंदिवस जवळून पाहिले. त्या निरीक्षणांची दखल १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ने घेतली. पुढे पुण्यात एम.डी. होऊन ते महाडकडेच परतले आणि प्राझोसिनच्या उपचाराने त्यांनी असंख्य जीव वाचविले. असे निरीक्षण आज एखाद्या आंतरवासीने केले, तर प्रवेशपरीक्षेत त्याचे मोल शून्य ठरेल.

म्हणून मुलाखती पुन्हा आणाव्यात काय? मुळीच नाही. गुणांच्या यादीला धक्का न लावताही बरेच करता येते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातील रहिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरविले. संस्थेच्या विद्यार्थ्यांना वाजवी मर्यादेत प्राधान्य देण्यास मात्र मुभा ठेवली. अर्थात सिंधुदुर्गात जन्मलो म्हणून जागा मागता येणार नाही. आणि ज्या संस्थेत पदव्युत्तर जागाच मोजक्या, तेथे संस्थेचे प्राधान्य ही रिकाम्या ताटाची वाढणी! दुसरा मार्ग सेवेचा. शासकीय सेवेतील डॉक्टरांसाठी जागा राखून ठेवण्याचा राज्यांचा अधिकार न्यायालयाने २०२० मध्ये उचलून धरला आहे. वैभववाडी वा दोडामार्गच्या आरोग्य केंद्रात काढलेली वर्षे त्या मार्गाने मोजली जाऊ शकतात, आणि ती प्रश्नसंचापेक्षा डॉक्टर अधिक घडवितात. आंतरवासिता संपण्याआधीच परीक्षेची घाई लावणारे वेळापत्रक बदलले, तर वॉर्डही रिकामे राहणार नाहीत.

राज्य शासनाने आणि वैद्यकीय आयोगाने ओरोसकडे पाहताना केवळ पदवीच्या शंभर जागा मोजू नयेत. पदव्युत्तर शिक्षणाची वाढ बधिरीकरण, प्रसूतिशास्त्र व बालरोग या विषयांपासून करावी. कारण बधिरीकरणतज्ज्ञ हाताशी नसेल, तर शल्यचिकित्सकालाही हात बांधून बसावे लागते, आणि मालवण-वेंगुर्ल्याहून अडलेल्या बाईला रात्री पुढे पाठवावे लागते ते बहुधा याच कारणाने.