चोर सोडून संन्याशाला सुळी

पृथ्वीचे जुळे भावंड म्हणून ज्याचा उल्लेख होतो, त्या शुक्राचा व्यास पृथ्वीहून जेमतेम साडेसहाशे किलोमीटरने कमी आहे. असे असतानाही एकावर सागर उसळले, वने बहरली. दुसऱ्याची भूमी मात्र शिसे वितळेल इतकी तप्त राहिली. एकाच कुळात जन्मलेल्या दोघांची गती इतकी भिन्न का व्हावी, या प्रश्नाचे उत्तर शुक्राच्या पृष्ठभागात आणि गर्भात दडलेले आहे. ते शोधण्यासाठी अमेरिकेच्या ‘नासा’ने जून २०२१ मध्ये ‘व्हेरिटास’ मोहिमेची निवड केली. दाट ढगांच्या आवरणातून रडारने भूमीचा नकाशा टिपावयाचा, अवरक्त किरणांनी खडकांची जात ओळखावयाची आणि यानाच्या रेडिओलहरींतील सूक्ष्म फरकांवरून गुरुत्वाकर्षण मोजून गाभ्याचा अंदाज बांधावयाचा, अशी ही योजना. या शतकाच्या तिसऱ्या दशकाअखेरीस यान निघावयाचे होते.

मग माशी शिंकली कोठे? शुक्रावर नव्हे आणि ‘व्हेरिटास’मध्येही नव्हे! ‘सायकी’ या लघुग्रहाकडे जाणारे त्याच नावाचे यान २०२२ मध्ये वेळेवर सज्ज झाले नाही. चौकशी समितीने ते बांधणाऱ्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतील अपुरे मनुष्यबळ आणि कामाचा अतिरिक्त भार यांवर बोट ठेवले. ‘व्हेरिटास’ची धुराही याच प्रयोगशाळेकडे. नोव्हेंबर २०२२ मध्ये निर्णय झाला : ‘सायकी’ जाईल, ‘व्हेरिटास’ किमान २०३१ पर्यंत थांबेल. ज्या मोहिमेत दोष आढळला तिला अभय आणि जी निर्दोष तिला शिक्षा. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते याहून वेगळे काय?

माणसेच अपुरी असतील तर दोन यानांचा भार कसा पेलावयाचा, हा प्रशासनाचा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. परंतु जून २०२३ मध्ये त्याच समितीने प्रयोगशाळेने केलेल्या सुधारणांची प्रशंसा केली आणि ऑक्टोबरात ‘सायकी’ने सुखरूप उड्डाणही केले. रोग बरा झाला, तरी पथ्य मात्र शेजाऱ्याच्याच माथी राहिले! पुढे मे २०२५ मधील अर्थसंकल्पी प्रस्तावात तर ही मोहीम गुंडाळण्याचीच शिफारस करण्यात आली. जे आधी पुढे ढकलले जाते, तेच नंतर अनावश्यक ठरविणे सोपे जाते, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

‘शुक्र कोठे पळून जाणार आहे?’ असे विचारणारे शहाणेही आहेत. शुक्र खचितच पळणार नाही. परंतु माणसे पांगतात, हातचे कसब विसरले जाते. जर्मनी, इटली, फ्रान्स यांसारख्या सहभागी देशांचा विश्वास डळमळतो, तो वेगळाच. १९९० ते १९९२ या काळात ‘मॅजेलन’ यानाने शुक्राचा रडार-नकाशा काढला. त्यातील १९९१ च्या, आठ महिन्यांच्या अंतराने टिपलेल्या प्रतिमा ताडून पाहता माट मॉन्स पर्वतावरील एका ज्वालामुखाचा आकार बदललेला आढळला. हे जगाला कळले २०२३ मध्ये! शुक्राचे पोट आजही धगधगत असावे, याचा इतका सबळ पुरावा तीन दशके संग्रहात पडून होता. त्याची पुढची तपासणी करू शकणारे यान मात्र निधीअभावी जमिनीवरच खिळून राहावे, याला दूरदृष्टी म्हणावयाचे काय?

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही. भारताच्या केंद्रीय मंत्रिमंडळाने १८ सप्टेंबर २०२४ रोजी १,२३६ कोटी रुपयांच्या शुक्र परिक्रमा मोहिमेस मान्यता दिली. पृष्ठभाग आणि त्याखालील थर यांचा अभ्यास हे तिचेही एक उद्दिष्ट असून मार्च २०२८ हा उड्डाणाचा मुहूर्त ठरविण्यात आला. मानवी अंतराळप्रवासाला टाळ्या मिळतात, चंद्रावरील अवतरण देश श्वास रोखून पाहतो. ढगांआड वर्षानुवर्षे मुकाट्याने मोजमाप करणाऱ्या यानासाठी मात्र चौकात फटाके वाजत नाहीत. म्हणूनच ओढाताणीच्या प्रसंगी पहिली कात्री त्याच्यावर चालते. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, ही म्हण आपली आहे. ती आचरणात आणण्याची हीच वेळ आहे. एका मोहिमेच्या अडचणीचा दंड दुसरीकडून वसूल होणार नाही, एवढी हमी धोरणकर्त्यांनी भारतीय शास्त्रज्ञांना द्यावयासच हवी. ज्ञानाची वाट पाहण्यास शुक्राला कोट्यवधी वर्षे आहेत. माणसाच्या एका पिढीला नाहीत.