रविवारचा छंद : वाशीमकर आणि शिडाची होडी

वाशीमच्या माणसाला शिडाची होडी शिकायला सांगणे म्हणजे मालवणच्या माणसाला संत्र्याची बाग लावायला सांगण्यासारखे आहे, असे कोणीही म्हणेल. मुंबईचा समुद्र येथून पाचशेहून अधिक किलोमीटर दूर. पाणी पाहायचे ते पद्मतीर्थाच्या पायऱ्यांवरून, एकबुर्जीच्या धरणात, नाहीतर पावसाळ्यात पैनगंगेला. अशा मुलखात शीड आणि सुकाणू कशाला?

पण थांबा, वाचकहो! 2023 साली चीनमधील हांगचौ येथे आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. तेथे शिडाच्या छोट्या होडीच्या शर्यतीत नेहा ठाकूर या मुलीने भारताला रौप्यपदक मिळवून दिले. ही मुलगी मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याची. समुद्र तिच्याही दारात नव्हता. ती शिकली भोपाळला, राजा भोजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या तलावावर. 2017-18 साली 'तारिणी' नौकेतून सहा महिला नौदल अधिकाऱ्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यांतही उत्तराखंड, हिमाचल, मणिपूर अशा समुद्र नसलेल्या प्रांतांतल्या मुली होत्या. तेव्हा शिडाला खारेच पाणी लागते असे नाही. त्याला वारा लागतो, आणि वारा आपल्याकडे फुकट आहे.

आता ही विद्या आहे तरी काय? वाऱ्याच्या पाठबळाने होडी पुढे जाते हे लहान मुलालाही कळते. नवल आहे ते वाऱ्याच्या दिशेने जाण्याचे. फुगलेले शीड विमानाच्या पंखासारखे काम करते. होडीच्या पोटातून पाण्यात उतरवलेली फळी तिला आडवी सरकू देत नाही, म्हणून होडी पुढेच निघते. मात्र थेट वाऱ्याच्या तोंडावर कोणतीही शिडाची होडी जात नाही. सुमारे 45 अंश एका अंगाला, मग तितकीच दुसऱ्या अंगाला, अशी नागमोडी वाट काढावी लागते. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की नाळ उजवीकडे वळते. पहिल्या दिवशी सगळ्यांचीच येथे तारांबळ उडते, पण दुपारपर्यंत हाताला सवय होते.

मुलांसाठी 'ऑप्टिमिस्ट' नावाची होडी जगभर वापरतात. लांबी जेमतेम 2.3 मीटर, शीड एकच, बसणारा एकच. अमेरिकेतल्या क्लार्क मिल्स यांनी 1947 साली ती आखली. साबणाच्या वडीसारखी बोथट नाळ पाहून हसू येते, पण दहा वर्षांचे पोर तिच्यात एकटे बसून वारा ओळखायला शिकते.

"आणि होडी उलटली तर?" वाचणाऱ्या आईच्या मनात हा प्रश्न केव्हाचा असणार. तो रास्तच आहे. दर पावसाळ्यात आणि दर गणेशविसर्जनाला आपल्या भागात पोरे बुडाल्याच्या बातम्या येतात. म्हणून आपण मुलांना दम भरतो, "पाण्याकडे फिरकायचे नाही!" पण दम दिलेले मूल पोहायला शिकत नाही. ते फक्त लपून जाते. चांगल्या शिक्षणकेंद्रात आधी पोहणे पाहतात, अंगात तरंगते जाकीट चढवतात, आणि मग शिक्षकांच्या देखत होडी मुद्दाम उलटवून ती सरळ करायला लावतात. शिवाय एक धडा मनावर ठसवतात : भीती वाटली की शिडाचा दोर सोडून द्यायचा. शीड फडफडते, वेग उतरतो, होडी शांत होते. घाबरलेला माणूस नेमका दोर घट्ट आवळतो, म्हणून हे शिकावे लागते. वडीलमंडळींनीही या धड्यावर थोडा विचार करायला हरकत नाही.

शिकायचे कुठे? आपल्याला सोयीचे हैदराबाद. वाशीम अकोला-पूर्णा लोहमार्गावर आहे, आणि तिकडे जाणाऱ्या गाड्या आपल्या स्टेशनावर मिळतात. तेथल्या हुसेनसागरात शिडाच्या होड्यांचे क्लब आहेत. पावसाळ्यात तेथे वारा चांगला वाहतो, म्हणून शर्यतीही तेव्हा होतात. मुंबईला उलट : पावसाळ्यात समुद्र बंद, हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. तेथला रॉयल बॉम्बे यॉट क्लब 1846 सालचा. नातेवाईक ज्या गावी असतील ते गाव निवडावे. उतरायचा खर्च वाचतो!

होडी विकत घेण्याचा विचार नवशिक्याने करू नये. क्लबची होडी पुरते. आणि उत्साहाच्या भरात गावच्या धरणात फळकूट लोटू नये. तेथे परवानगी लागते, आणि सोडवायला धावून येणारी दुसरी होडीही तेथे नसते.

तोवर घरचा अभ्यास करावा. हातभर दोर घेऊन खुर्चीच्या पायाला गाठी मारून पाहाव्यात : ताण आला तरी न सरकणारी आणि काम झाले की चटकन सुटणारी गाठ चांगली. गच्चीवर वाळत घातलेल्या साडीकडे सकाळ-संध्याकाळ पाहावे आणि वारा कोठून येतो ते मुलांना विचारावे. मुख्य म्हणजे, या सुट्टीत मुलांची नावे पोहण्याच्या तलावात घालावीत. बाबांनाही येत नसेल, तर त्यांनीही लाजू नये. आईनेही मागे राहू नये.