खांबाला बांधलेलं लॅब्रॅडॉर

परवा शनिवारी माणगावला काकांकडे गेलो, तर पडवीच्या खांबाला लॅब्रॅडॉरचं अडीच महिन्यांचं पिल्लू बांधलेलं. म्हटलं, "काका, ह्याला जरा बाहेर न्या की." तर म्हणे, "अरे, इंजेक्शनं पुरी होऊ देत. आणि फार माणसाळलं तर राखण कोण करणार?"

च्यायला, दोन्ही चूक!

पिल्लू नव्या गोष्टी न घाबरता स्वीकारतं ते साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात. स्कॉट आणि फुलर ह्या जोडीने अमेरिकेत वर्षानुवर्षं प्रयोग करून १९६५च्या पुस्तकात हे मांडलंय. इंजेक्शनांचा कोर्स संपतो चौथ्या महिन्याच्या आसपास. म्हणजे दार उघडेपर्यंत वेळ गेलेली. पार्व्होची भीती खरी आहे, पण तो पसरतो मुख्यतः आजारी कुत्र्यांच्या विष्ठेतून. मग जमिनीवर सोडू नका ना, कडेवर घेऊन फिरवा! हायवेचे ट्रक, शाळेची पोरं, छत्रीवाले, सगळं दाखवा.

आणि राखण? ही जात मुळात शिकारीतली पाखरं न चावता उचलून आणणारी. घाबरून भुंकणाऱ्या कुत्र्याला चोर आणि पोस्टमन सारखेच. उद्या गणपतीला आलेल्या नातवाला चावलं, की 'जातच वाईट' म्हणायला आपण मोकळे.

काका शांतपणे म्हणाले, "मग तूच ने."

नेलं. एसटी स्टँडवर पहिल्या हॉर्नला त्याने अंग चोरलं. पोळीचा तुकडा दिला. चौथ्या गाडीला मानसुद्धा वळवली नाही पठ्ठ्याने.

रविवारी मी परत पुण्याला. पिल्लू बहुतेक परत खांबाला.