नव्या ग्रहाचा खेळ मुलांनाच मांडू द्या

शिक्षक मित्रहो, पालकहो, ‘मी परग्रहावर गेलो तर’ हा निबंध मुलं गाईडमधून पाठ करतात. सगळ्यांच्या वहीत तेच हिरवे परग्रहवासी! त्यापेक्षा पुठ्ठा, फासे, सोंगट्या द्या आणि परग्रहावर जगण्याचा खेळ बनवायला सांगा.

ग्रह मात्र खरा घ्या. २०१६ मध्ये शोध लागलेला ‘प्रॉक्सिमा सेंटॉरी बी’ आपल्यापासून सुमारे ४.२ प्रकाशवर्षं दूर आहे. त्याचं वर्ष साधारण ११ दिवसांचं. चंद्र जशी आपल्याला एकच बाजू दाखवतो, तशी याचीही एकच बाजू ताऱ्याकडे असावी, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे एकीकडे न संपणारा दिवस, दुसरीकडे कायमची रात्र. मग घर कुठं बांधायचं? झोपायचं कधी? आपल्या एका वर्षात तिथं वाढदिवस किती येतील?

नियम ठरवताना मुलं भांडतील. भांडू द्या. ‘असं का?’ याचं उत्तर द्यावं लागलं की भूगोल येतो, भागाकारही येतो.

अभ्यासक्रम मागे पडेल, असं तुम्ही म्हणाल. पण पाठ केलेल्या निबंधाला गुण मिळतात, विचार करायची सवय नाही लागत. कल्पनेला खऱ्या माहितीची अट घाला, मग बघा मुलं किती लांब जातात!